कबर नेमकी कुठे?

शबे-बरातच्या रात्री महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या कब्रस्तानात एक दृश्य हमखास दिसते. मोबाईलचा टॉर्च लावून दोघे-तिघे भाऊ उभे असतात. हातात गुलाबाच्या पाकळ्यांची पुडी आणि अगरबत्ती. वडिलांच्या कबरीवर फातिहा पढायची आहे, पण पाय पुढे पडत नाहीत. एक म्हणतो, कडुनिंबाच्या डाव्या अंगाला. दुसरा म्हणतो, कडुनिंब दोन होते, त्यातला एक पावसाळ्यात पडला. तिसरा आखातातून चार वर्षांनी आलेला असतो. तो काहीच बोलत नाही. शेवटी कबर खोदणाऱ्या चाचांना हाक मारली जाते. चाचा येतात, इकडे-तिकडे न बघता सरळ चालत जातात, एका जागी थांबतात आणि म्हणतात, ‘ये रही.’ मग भावांचे हात दुआसाठी वर होतात.

कबर खोदणाऱ्याला उर्दूत गोरकन म्हणतात. गावोगावच्या कब्रस्तानांचा नकाशा आजही याच माणसाच्या डोक्यात आहे. कोणाच्या शेजारी कोण, कोणत्या रांगेत जागा शिल्लक आहे, कुठे खाली खडक लागतो, कुठे पावसाळ्यात पाणी साचते, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. त्याने ते कधी लिहिले नाही आणि कोणी लिहून घेतले नाही. एक दिवस त्यालाही त्याच जमिनीत ठेवले जाते. त्या दिवशी गावाने एक माणूस गमावलेला असतोच, शिवाय चाळीस-पन्नास वर्षांची नोंदवहीही मातीआड केलेली असते.

हा प्रश्न मुळात का पडतो, हे दफनाची पद्धत माहीत नसलेल्या वाचकांना सांगायला हवे. इस्लाममध्ये कबर साधी असावी अशी शिकवण आहे. माती दिली जाते, वर वीतभर उंचवटा केला जातो, उशाशी एखादा दगड, कोणी सब्ज्याचे रोप लावते. मराठीत ‘मूठमाती देणे’ म्हणतात, ते इथे अक्षरशः घडते. जनाज्याला आलेला प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो. दोन पावसाळ्यांत तो उंचवटा बसतो. सब्जा वाळतो, गवत माजते, शेळ्या फिरतात, पाच-सात वर्षांत जमीन सपाट दिसू लागते. दगडी कतबा, म्हणजे नाव कोरलेला दगड, असतो तो थोड्यांच्या वाट्याला. बाकीच्यांची खूण म्हणजे कोणाची तरी आठवण.

सरकारी कागदांत ही माहिती नाही. मृत्यूच्या दाखल्यावर माणूस कुठे वारला हे असते, कुठे पुरला हे नसते. मोजणी खात्याच्या ‘क’ प्रतीवर कब्रस्तानाची हद्द आणि क्षेत्र असते. त्या हद्दीच्या आत कोण निजले आहे याच्याशी त्या कागदाला देणेघेणे नाही. जमातीकडे पावती पुस्तक असते. त्यात नाव आणि तारीख मिळते, जागा मिळत नाही. हद्दीच्या भांडणासाठी कागदांचे गठ्ठे जपणारी माणसे आतल्या माणसांसाठी एक पानही जपत नाहीत, हे कडू आहे, पण खरे आहे.

मग नकाशा करावा असे कोणी सुचवले की पहिले उत्तर येते, ‘आपल्याला कुठे चित्र काढता येते?’ इंजिनिअर बोलवा, मोजणीदार बोलवा, ड्रोन उडवा, असे सल्ले दिले जातात. खर्चाचा आकडा निघतो आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. या उत्तरातच चूक आहे. कब्रस्तानाच्या नकाशाला चित्रकला लागत नाही. टेप धरता येणे, आकडा वाचता येणे आणि वाचलेला आकडा लगेच लिहिण्याची शिस्त असणे, एवढे पुरते.

याचा पुरावा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ऐकून माहीत आहे. ब्रिटिश काळातल्या मूळ मोजणीत शेताचे जे ‘टिपण’ केले गेले, ते प्रमाणात काढलेले चित्र नव्हते. शेताचा आकार हाताने ओबडधोबड आखलेला आणि त्यावर साखळी-आण्यांतली अंतरे लिहिलेली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. टिपणातली रेघ वाकडी असली तरी बिघडत नसे, कारण खरी गोष्ट रेघेत नव्हती, तिच्यावर लिहिलेल्या आकड्यात होती. आजही हद्दीचा वाद निघाला की जुनी टिपणे बाहेर काढली जातात आणि त्यांवरून बांध पुन्हा उभा करता येतो. सुंदर रंगवलेल्या पण मापे न लिहिलेल्या चित्रावरून ते कधीच जमले नसते.

कब्रस्तानात तर काम शेतापेक्षा सोपे आहे. शेताला वाटेल तो आकार असतो. कबरींना तसे नाही. दफन करताना चेहरा काब्याकडे असावा लागतो. महाराष्ट्रातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेली आहे. म्हणून डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला आणि चेहरा पश्चिमेकडे वळवलेला, अशी प्रत्येक कबर असते. श्रीमंत, गरीब, हाजी, हमाल, सगळे एकाच दिशेने समांतर. म्हणजे जमिनीवर चौकटी आखलेल्याच आहेत. शाळेतल्या आलेखवहीच्या कागदावर उभे आयत काढत जायचे, एवढेच उरते. संगणकावर हिशेबाचे तक्ते भरणाऱ्या मुलाला तेही करायला नको. तक्त्याचा एक रकाना म्हणजे एक कबर.

प्रमाण सोपे धरावे. जमिनीवरचा एक मीटर म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर. मोठ्या माणसाची कबर साधारण दोन मीटर लांब आणि मीटरभराहून थोडी कमी रुंद असते. कागदावर ती दोन सेंटिमीटरची उभी चौकट होते. तिच्यात नाव मावत नाही, क्रमांक मावतो. म्हणून नकाशावर फक्त क्रमांक लिहायचा आणि नाव वहीत. पुढे नावात दुरुस्ती झाली तरी नकाशाला हात लावावा लागत नाही. एकरभर जागेला साध्या ए-फोर आकाराचे डझनभर कागद लागतात. ते एकदम करायचे नसतात. एका कागदावर एक तुकडा, असे करत गेले की काम संपते.

सुरुवात कशी करावी, इथे मात्र लोक चुकतात. पहिल्या कबरीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी, अशी अंतरे घेत जातात. प्रत्येक वेळी दोन इंचांची चूक झाली तर तिसाव्या कबरीपर्यंत ती पाच फूट होते, आणि पाच फूट म्हणजे शेजारची कबर ओलांडून पुढच्या माणसावर फातिहा. म्हणून आधी एक आधाररेषा धरावी. फाटकाच्या खांबापासून समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणावी, टेपचे शून्य खांबाशी ठेवावे आणि सगळी मापे त्याच शून्यापासून वाचावीत. रेषेपासून कबर बाजूला किती आत आहे ते काटकोनात मोजावे. काटकोन कसा घ्यायचा हे मोहल्ल्यातल्या गवंड्याला विचारावे. तीन, चार आणि पाच फुटांच्या दोऱ्यांचा त्रिकोण करून तो रोज घराचा पाया आखतो. त्याला भूमितीचे पुस्तक लागत नाही.

काटकोनाचीही कटकट नको असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. दोन पक्क्या जागा निवडायच्या आणि प्रत्येक कबरीच्या उशापासून त्या दोन जागांची दोन अंतरे लिहायची. घरी येऊन मुलांच्या कंपासपेटीतला कंपास काढायचा, दोन चाप मारायचे. ते छेदतात तिथे कबर. फक्त त्या दोन जागा एकमेकींपासून लांब हव्यात. फाटकाचे दोन खांब घेतले तर दूरच्या कबरीसाठी चाप एकमेकांना नीट छेदत नाहीत, नुसते घासून जातात. आणि झाडाला खूण कधी मानू नये. झाड वाढते, तोडले जाते, पडते; शबे-बरातचे भाऊ कडुनिंबामुळेच अडकले होते. भिंतीचा कोपरा, विहिरीचा कठडा, जनाज्याची नमाज होते तो ओटा, या गोष्टी राहतात.

एक रेषा नीट मोजून बाकीचे सगळे तिच्यावर बांधण्याची ही रीत लहान कामासाठी शोधलेली नाही. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ अशीच एक आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या महामोजणीला हात घातला. २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला तो आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात, नागपूरच्या वाटेवर, आणि त्याला तिथेच पुरले. त्याची कबर कुठे आहे हे विदर्भात तरी किती जणांना सांगता येईल?

मोबाईलमध्ये जागा दाखवणारी सोय असताना टेप कशाला, असे तरुण विचारतात. साधा फोन मोकळ्या आभाळाखालीही साधारण पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतो, झाडाखाली त्याहून जास्त. पाच मीटरांच्या वर्तुळात पंचवीसेक कबरी येतात. फोन मोहल्ल्यापर्यंत नेतो, दारापर्यंत नेत नाही. त्याचा खरा उपयोग फोटोसाठी. लहान मुलाच्या पाटीवर खडूने क्रमांक लिहावा, ती कबरीच्या पायथ्याशी धरावी आणि फोटो घ्यावा. पाटी नसली तर संध्याकाळी घरी सगळे फोटो सारखेच दिसतात.

या कामाला रमजानसारखा महिना नाही, आणि ते केवळ पुण्य म्हणून नव्हे. सध्या काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आहे. गवत वाळलेले असते, जमीन दिसते, बसलेल्या कबरींचे खोलगे ओळखू येतात. जुलैत हेच काम अशक्य होते. असरच्या नमाजनंतर इफ्तारपर्यंतचा तास-दीड तास बहुतेक तरुण मुले मशिदीच्या पायऱ्यांवर नाहीतर मोबाईलवर घालवतात. त्याच वेळी सूर्य पश्चिमेला उतरलेला असतो. उशाशी उभ्या केलेल्या कतब्यांचे तोंड सहसा दक्षिणेकडे असते, म्हणून मावळतीचा प्रकाश त्यांच्यावर आडवा घसरतो आणि दुपारी सपाट दिसणारी झिजलेली अक्षरे सावल्यांसकट उठून येतात. दगडाला तारेचा ब्रश, अॅसिड किंवा चुना लावू नये. पाण्याचा हलका फवारा पुरतो. एवढ्यानेही वाचता आले नाही, तर उद्याच्या संध्याकाळी पुन्हा बघावे.

जुन्या कतब्यांवर हिजरी साल असते. १४०० हिजरी हे वर्ष इसवी १९७९च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि हिजरी वर्ष इसवी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, एवढे माहीत असले की बाकीचे मागे-पुढे मोजून काढता येते. काही कतब्यांवर साल आकड्यांत नसतेच. ते ओळीतल्या अक्षरांच्या बेरजेत दडवलेले असते. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, तिला अबजद म्हणतात. अशा दगडापुढे मदरशातल्या मौलानांना उभे करावे आणि मुलांनी शेजारी बेरजा कराव्यात. त्या संध्याकाळी मुलांना मोबाईलची आठवण होत नाही.

वहीत रकाने थोडेच असावेत. क्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, दफनाची तारीख, आणि शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: ही माहिती कोणी दिली. ‘कतब्यावरून’, ‘चाचांनी सांगितले’, ‘मुलीने सांगितले’. माहिती देणारा उद्या हयात नसेल. पण कोणत्या नोंदीवर किती विसंबायचे हे पुढच्याला त्या रकान्यावरून कळेल. जिथे खात्री नाही तिथे पेन्सिल वापरावी. जिथे काहीच ठाऊक नाही तिथे क्रमांक द्यावा आणि नाव कोरे ठेवावे. अंदाजाने नाव भरणे हा त्या दोन्ही माणसांवर अन्याय आहे, जो तिथे आहे त्याच्यावर आणि ज्याचे नाव चुकून तिथे लागले त्याच्यावरही. नावाच्या बाबतीत आणखी एक. कतब्यांवर पुष्कळदा बाईचे स्वतःचे नाव नसते. ‘जौजा’ म्हणजे पत्नी, आणि पुढे नवऱ्याचे नाव. वही भरणाऱ्याने तिचे नाव विचारायचा त्रास घ्यावा. घरात कोणालातरी ते अजून आठवत असते.

या कामात बायकांचा सहभाग सर्वात जास्त असायला हवा आणि नेमका तोच सर्वात कमी असतो. दफनाला पुरुष जातात. पुढे कबरीवर बायकांनी जावे की नाही, याबाबत उलेमांत मतभेद आहेत. काही गावांत जातात, काही गावांत फाटकापर्यंतही जात नाहीत. परिणाम असा की आईची कबर मुलाला ठाऊक असते, मुलीला नसते. सासरी दोनशे किलोमीटरवर असलेली लेक आयुष्यभर रमजानच्या प्रत्येक रात्री आईसाठी दुआ मागते आणि ती कोणत्या कोपऱ्यात आहे हे तिला कोणी दाखवलेले नसते. उलट तारखा, नाती, कोणत्या पावसाळ्यात कोण गेले, कोणाचे पहिले मूल कधी दगावले, हे सगळे पाठ असते ते बायकांना. प्रत्येक कब्रस्तानात लहान मुलांचा एक कोपरा असतो. हातभर लांबीच्या कबरी, एकीलाही दगड नाही. त्या कोपऱ्याची यादी कोणत्याही जमातीच्या दप्तरात नाही. ती घरोघरच्या आयांकडे आहे. वही मोहल्ल्यात फिरली, स्वयंपाकघरापर्यंत गेली, तरच तो कोपरा भरेल.

२०२० आणि २०२१ची दफनेही अशीच राहिली आहेत. त्या दिवसांत अनेक घरच्यांना लांबूनच निरोप द्यावा लागला. पांढऱ्या-निळ्या पोशाखातल्या चार जणांनी कबरीत उतरवले, आणि त्यांची तोंडे झाकलेली होती. ज्यांनी दफन केले त्यांतले कोणी बदलून गेले, कोणी गावात राहिले नाही. त्या रांगा आता सपाट होत आल्या आहेत. नोंदीचे काम कुठून सुरू करायचे असा प्रश्न पडला तर तिथूनच करावे, कारण ते दिवस आठवणारे गोरकन आणि रुग्णवाहिकेचे चालक अजून सापडतील.

या कामाला धर्माचा आधार काय, असे विचारणारेही भेटतात. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या काळातल्या दोन घटना हदीसच्या ग्रंथांत आहेत. मदिनेत हजरत उस्मान बिन मजऊन यांचे निधन झाले, त्यांना बकीच्या कब्रस्तानात दफन केले. प्रेषितांनी एकाला दगड आणायला सांगितले. त्याला तो उचलेना. तेव्हा प्रेषित स्वतः उठले, बाह्या वर सारल्या, दगड उचलून आणला आणि कबरीच्या उशाशी ठेवला. या खुणेने आपल्या भावाची कबर ओळखता येईल आणि घरातले जे पुढे जातील त्यांना याच्याजवळ दफन करता येईल, असे त्यांनी सांगितले. ही हकीगत अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. दुसरी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मदिनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक स्त्री होती. काही दिवस ती दिसली नाही, म्हणून प्रेषितांनी चौकशी केली. ती वारली असे कळले. झाडूवाल्या बाईच्या मृत्यूसाठी प्रेषितांना काय त्रास द्यायचा, असे लोकांना वाटले होते. मला का कळवले नाही, असे त्यांनी विचारले, तिची कबर दाखवायला सांगितली, तिथे गेले आणि तिच्यासाठी नमाज पढली. त्या दिवशी कबर दाखवणारा कोणीतरी होता.

कबर पक्की बांधू नये ही शिकवण आणि कबरीची खूण ठेवावी ही रीत, यांत विरोध नाही. नकाशा तर दगडापेक्षाही हलकी खूण आहे. जमिनीवर काहीच बांधावे लागत नाही. मोजताना कबरीवर पाय पडू नये, खुंटी कबरीत ठोकू नये, चुन्याची रेघ मारायचीच तर वाटेवर मारावी, एवढे पाळले की झाले. मोठ्या शहरांत जागा इतकी कमी असते की काही वर्षांनी त्याच जागी दुसरे दफन करावे लागते. तिथे तर वही अधिकच लागते. एका क्रमांकाखाली दोन नावे आणि दोन तारखा येतील.

विश्वस्तांची नाराजी कशाला आहे, तेही उघड बोलायला हवे. नकाशा झाला की काही गोष्टी कागदावर दिसू लागतात. फाटकाजवळच्या, वाटेलगतच्या जागा कोणत्या चार घराण्यांनी संगमरवरी कठडे बांधून अडवल्या आहेत आणि मागच्या भिंतीशी, नाल्याच्या बाजूला कोणाला पाठवले जाते, हे एका कागदावर पाहिले की डोळे चुकवता येत नाहीत. उलट बाजूने भीतीही खरी आहे: क्रमांक मिळाला म्हणजे जागा आमच्या मालकीची, असे उद्या कोणी म्हणेल. म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे की ही नोंद ओळखीसाठी आहे, हक्कासाठी नाही. एवढ्याने भांडणे थांबतील असे नाही. पण ती आजही होतातच, आणि कागदाशिवाय होतात.

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचाही नाही. लिंगायत समाजात दफन होते, गोसावी आणि नाथपंथीयांच्या समाध्या असतात, बहुतेक हिंदू घरांत तान्ही मुले पुरली जातात. चर्चच्या दफनभूमीत निदान क्रमांकाची वही असते. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलेल्या हिंदू कुटुंबाला क्षेत्रोपाध्याय जुनी वही उघडून दाखवतात, तिला नामावळी म्हणतात. पणजोबा कधी आले होते, त्यांना किती मुलगे होते, हे त्यांच्याच अक्षरात सापडते. तिथे नाव मिळते, जागा उरलेली नसते, राख नदीला गेलेली असते. शेजारच्या कब्रस्तानात जागा शिल्लक आहे, नावच गेले आहे. नामावळी लिहिणाऱ्यांना कोणी चित्रकार म्हणत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या फक्त लिहीत आले.

पुण्यात खडकीच्या वॉर सिमेट्रीत हजारो मैलांवरून आलेल्या सैनिकाची कबर विभाग, रांग आणि क्रमांक यांवरून काही मिनिटांत सापडते. त्या व्यवस्थेची सुरुवातही कोण्या नकाशाकाराने केली नाही. फेबियन वेअर हा वर्तमानपत्राचा माजी संपादक पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसच्या फिरत्या पथकाबरोबर फ्रान्समध्ये गेला. रणभूमीवरच्या कबरींची नोंद ठेवणे हे कोणाचेच काम नाही, असे त्याच्या लक्षात आले आणि त्याच्या पथकाने नोंदी घ्यायला सुरुवात केली. त्यातून १९१७ साली आयोग उभा राहिला. हुद्द्यावरून कबरीत फरक करायचा नाही, हा त्या आयोगाचा दंडक होता. तो फाटकाजवळच्या चार घराण्यांनीही वाचावा.

सामान फार नाही. ३० मीटरचा एक टेप, नायलॉनची दोरी, आलेखाचे कागद, पेन्सिल, कंपासपेटी, पाटी, एक जाड वही. माणसे चार: दोन टेप धरायला, एक लिहायला आणि एक चाचांच्या बरोबर चालायला. चाचांना खुर्ची न्यावी, ते थकतात, त्यांचाही रोजा असतो. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने वाचून दाखवावा आणि टेपवाल्याने होकार द्यावा. सहा आणि नऊचा घोळ इथेच थांबतो. पहिल्या दिवशी एकच रांग होते. मगरिबच्या अजानीआधी टेप गुंडाळून खजूर काढायला वेळ राहतो.

झालेल्या कागदांच्या तीन प्रती काढाव्यात. एक मशिदीत, एक गावच्या वाचनालयात, एक गावाबाहेर राहणाऱ्या कोणाकडे तरी. गोरकनकडे वहीची चौथी प्रत द्यावी आणि दर दफनाच्या दिवशीच, माती पडल्यावर लगेच, नवी ओळ लिहिली जावी. त्याला लिहिता येत नसेल तर जनाज्याला आलेल्या कोणीही लिहावी. मृत्यूची खबर निबंधकाला देण्याची जबाबदारी १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने दफनभूमी सांभाळणाऱ्यावरही टाकलेलीच आहे. खबर देताना वहीत एक ओळ जास्त लिहायला वेगळा वेळ लागत नाही.

ईदच्या सकाळी ईदगाहवरून परतताना लोक नव्या कपड्यांत कब्रस्तानाकडे वळतात. तोवर बारा कागद पूर्ण होणार नाहीत. फाटकाच्या आत, डाव्या हाताला, पहिल्या दोन रांगांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून टांगता येईल. त्यात काही चौकटींत नावे शाईने असतील, काहींत पेन्सिलीने. काहींत फक्त क्रमांक असेल आणि खाली सूचना, ‘माहिती असल्यास चाचांना सांगावी’.